धुतलेला बिल्ला

जॉन्सटाउन, पेन्सिल्व्हेनिया
९ जून १९९४

प्रिय व्हर्ना वहिनींना एमिलचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. रोझचा गुडघा कुरकुरतो, पण चर्चमध्ये बटाट्याच्या पिरोगी लाटायला ती जातेच. टोमॅटोची रोपं यंदाही हरणांनी खाल्ली. तुमच्या छताची पन्हळ गळते असं रोझकडून कळलं. शनिवारी शिडी घेऊन येतो, एवढंच लिहिणार होतो. पण तुम्ही दार उघडाल की नाही, ठाऊक नाही. म्हणून हे आधी.

रविवारी माजी सैनिकांच्या हॉलमध्ये जे झालं त्याबद्दल.

काचेच्या कपाटात ठेवायला तुम्ही रूडीचा कापडी बिल्ला त्याच्या माघारी जपलेल्या सदऱ्यावरून उसवून आणलात. बाकीच्यांचे मी तपासलेच होते. युद्धाच्या काळातला धागा माझ्या जांभळ्या दिव्याखाली काळपटच राहतो आणि नंतर बनवलेला नकली धागा पांढराफेक चमकतो, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं. हॉलमधले दिवे घालवायला सांगितले, आणि रूडीच्या बिल्ल्यावरचा तारा लख्ख उजळला. अंधारात कोणीतरी म्हणालं, "काय रे एमिल, तुझा भाऊ इटलीत लढला की क्लीव्हलंडच्या दुकानात?" सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही एवढंच म्हणालात, "भाऊजी, दर मे महिन्यात संचलनाच्या आधी मी तो सदरा धुवायची."

आणि मी, बासष्ट वर्षांचा शहाणा, म्हणालो, "कापड खोटं बोलत नाही, वहिनी."

वहिनी, कपडे शुभ्र दिसावेत म्हणून हल्ली साबणाच्या पुडीत जे घालतात ना, तेही त्या दिव्याखाली असंच चमकतं. नवख्या माणसाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो, की आधी विचार, धुतलंय का. मला तर विचारावंही लागलं नाही. तुम्ही आपणहून सांगितलंत.

बिल्ला टेबलावर टाकून तुम्ही निघून गेलात. घरी आल्यावर मी माझा सगळ्यात जपलेला अस्सल बिल्ला टॉवेलांबरोबर मशीनमध्ये टाकला. रोझ म्हणाली, "वेड लागलंय का तुला?" वाळल्यावर तो दिव्याखाली धरला. रूडीच्या ताऱ्यासारखाच चमकला.

मग दिवा बंद करून खिडकीपाशी गेलो आणि रूडीचा बिल्ला पहिल्यांदा उलटा करून पाहिला. कडेला गुलाबी दोऱ्याचे तुकडे अजून अडकलेत. लढाईवर जाण्याआधी रूडी शेवटच्या रजेवर आला तेव्हा आईच्या डब्यात खाकी दोरा नव्हता, म्हणून तिनं गुलाबी दोऱ्यानंच बिल्ला शिवला. रूडी वैतागला, "आई, सार्जंट बघेल." ती म्हणाली, "बघू दे की. त्याला म्हणावं, ये आणि तूच शिव." तिला नीट दिसत नव्हतं. सुईत दोरा मी ओवून दिला होता, वहिनी. माझ्याच हातानं.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. खरी गोष्ट अजून राहिलीच आहे.

पुढे कोरियाच्या युद्धाच्या वेळी सपाट तळपायांमुळे सैन्यानं मला परत पाठवलं, हे तुम्हाला माहीत आहे. दर मे महिन्यात रूडी रस्त्याच्या मधोमध चालायचा आणि मी कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचो. रविवारी तो तारा उजळला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तुमचं बोलणं मी ऐकलं होतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. त्याची मला इतकी लाज वाटते की रोझलाही सांगितलेलं नाही.

या रविवारी त्याच लोकांसमोर हे सगळं सांगणार आहे, हेसुद्धा. तुम्ही आलात तर बिल्ला तुमच्या हातानं कपाटात ठेवा. नाही आलात तर ती जागा रिकामी राहील. मी त्याला पुन्हा हात लावणार नाही.

शनिवारी शिडी घेऊन येतोच. पन्हळ बाहेरूनच दुरुस्त होते, दार नाही उघडलंत तरी चालेल.

ज्याला तुम्ही गेल्या रविवारपर्यंत भाऊजी म्हणत होतात, तो
एमिल