लोणच्याच्या पिंपातले बाबा

जिल्काद १४, मंगळवार

बाबांचं डोकं आज भाजीच्या टोपलीतून घरी आणलं! म्हणजे दगडाचं. खरे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या थडग्यावर ह्यांनी जानिसारी शिपायाची टोपी कोरली होती, मागे पदर लोंबणारी. ते काम पाहूनच मी पाथरवटाशी लग्नाला तयार झाले.

गेल्या गुरुवारी सुलतानाने तोफा लावून आपलीच जुनी जानिसारी फौज मोडली. आता थडग्यांवरच्या टोप्याही फोडतायत — मेलेले बंड करतील म्हणून! फोडणारे नवे शिपाई तंग विजारीतले; वाकताना भारी जपून वाकतात. बाबांची टोपी त्यांच्या हातून अख्खी निघाली, गवतात पडली होती. मी कशी सोडणार?

जिल्काद १५

आमच्या आळीचे इमाम सादुल्ला एफेंदी यांनी मशिदीत जाहीर केलं — असली टोपी ज्याच्या घरात सापडेल तो हद्दपार. हे जेवले नाहीत. म्हणाले, विहिरीत टाक. मी म्हटलं, बाबांना पोहता येत नव्हतं.

जिल्काद १६

सुचलं! काकड्या स्वस्त झाल्यात. पिंपात काकड्या, लसूण, मिठाचं पाणी — आणि वर भार म्हणून बाबा. नाहीतरी त्यांना लोणच्याचा खार फार प्रिय. वाटी तोंडाला लावायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, "अजून आंबायला हवं."

जिल्काद २७, सोमवार

झडती झाली. दोन शिपाई आणि इमामसाहेब. शिपायांनी गाद्या उलथल्या, चूल उकरली. हे दारात उभे, चेहरा चुन्यासारखा. आणि इमामसाहेबांना नेमका लोणच्याचा वास आला! स्वतः झाकण उचललं, बाही सावरून एक काकडी काढली, तिथेच उभ्याने खाल्ली. मग दुसरी.

"वर द्राक्षाची पानं पसरत जा, मुली," म्हणाले. "उघडं ठेवलं की बुरशी धरते."

झाकण लावलं आणि शिपायांना घेऊन गेले. सुटले! पण राग आला तो आलाच. उभ्या जन्मात ज्याने काकडी चिरली नसेल, तो मला लोणचं शिकवणार?

पानं मात्र पसरली.

जिल्हेज ९

उद्या ईद. कबरीवर जाऊन आलो. बाबांचा दगड मानेपासून तुटका. घरी टोपी सुखरूप आहे हे ठाऊक असूनही खूप रडू आलं. ह्यांनी कोपराने ढोसलं, लोक बघतायत म्हणून.

जिल्हेज १०, ईद

इमामसाहेबांच्या घरी काकड्या घेऊन गेले. त्यांची बायको रेफिया हानिम हात धरून थेट स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तुझे यजमान पाथरवट ना? आमच्या पिंपातल्या दगडाचा कंगोरा काकड्यांना लागतो. जरा घासून देतील?"

पिंपात वर द्राक्षाची पानं. तिने ती बाजूला केली. खाली दगडाची टोपी, मागे पदर लोंबणारी.

"माझ्या भावाची," ती म्हणाली. "मी कुठली आणतेय? ह्यांनीच आणली, जुब्ब्याखाली लपवून."

पानं मी पुन्हा नीट पसरून ठेवली.