कठड्याचा सूर

३ फेब्रुवारी
आले एकदाची बोळिंजला! तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, समोर केळीची बाग, आणि ज्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचं ते चालत जाण्याइतकं जवळ. खालच्या मजल्यावरच्या सेलिन आंटी सामान लावायला आल्या. मूळच्या अर्नाळ्याच्या, एकट्याच राहतात. येताना तळलेले बोंबील आणले. जाताना म्हणाल्या, बाल्कनीत फार उभी राहू नकोस, कठडा गातो. मी हसले.

९ फेब्रुवारी
कठडा खरंच गुणगुणतो. हात ठेवला की तळव्याला मुंग्या येतात. मजा वाटली. प्रत्येक घन वस्तूचा स्वतःचा एक सूर असतो. त्याच सुरात कोणी हलवत राहिलं, की ती जास्त जास्त डोलायला लागते. इथे हलवणारा पाण्याचा पंप, दुसरं कोण?

१५ फेब्रुवारी
सोसायटीची मीटिंग. आंटींचं म्हणणं, आवाज पंपाचा नाही, बाल्कन्या तपासून घ्या. मी वर्गात असल्यासारखी उठले. स्टीलचा पेला चमच्याने वाजवून अनुनाद समजावला. वर म्हणाले, भुताटकीला फिजिक्समध्ये मार्क नसतात. सगळे हसले, टाळ्या पडल्या. आंटी मान खाली घालून बसून राहिल्या. तपासणी रद्द. पंपाखाली रबर बसवायचं ठरलं.

२१ फेब्रुवारी
रबर बसलं. दुपारी लाइट गेले, पंप बंद. कठडा गातच होता. उलट मोठ्याने. दार उघडलं तर जिन्यात आंटी. त्यांनी विचारलं, ऐकू येतंय का.
मी नाही म्हटलं.
टाळ्या वाजवणाऱ्यांपुढे हसं होईल म्हणून. एवढ्यासाठी.

२४ फेब्रुवारी
आंटींची बाल्कनी कोसळली. त्यांच्यासकट.
सेक्रेटरी रेमंड म्हणाले, तिथे पाणी मुरलं होतं, बाकीच्या बाल्कन्या ठणठणीत आहेत. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, मॅडम, बरोबर ना?
मी मान डोलावली.

२५ फेब्रुवारी
हॉस्पिटल. आंटींचा हात हातात घेतला. हात गुणगुणत होता. त्या एवढंच बोलल्या, "तुला पन ऐकू आला ना, पोरी? मंग बोलली का नाय?"
त्या गेल्या. हात गप्प झाला. आणि माझ्या मनगटात —

२७ फेब्रुवारी
दफनाला गेले नाही. कुठल्या तोंडाने —
आता बरगड्यांत आहे. काचेला हात लावला की काच गाते.

१ मार्च
रविवार सकाळ. बाल्कन्या भरलेल्या. वाळत घातलेले कपडे, चहा, मुलं.
ओरडून सांगायला तोंड उघडलं. शब्द नाही, तोच सूर. कठडे उत्तर देतायत, एकेक करून —
तोंड दाबून धरलंय. थांबत नाही.
मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीला लावते. आत जा. सगळे आत जा. मी खोटं बोलले, आंटींचं खरं हो—