शिमोनुपूची न सुटलेली गाडी

९ नोव्हेंबर
आलो एकदाचा! होक्काइदोतली ही आडबाजूची लाइन बंद पडली, रूळ भंगारात गेले आणि शिमोनुपू स्टेशन मी मातीमोल भावात उचललं. हातगाडीवर शेवया विकून वर आलेल्या माणसाला अशी जागा बरोब्बर दिसते. वसंतात इथे माझं हॉटेल. बायको, कियोए, शनिवारी बघायला येतेय.

गावकरी मात्र अस्सल खुळे. रुळांच्या जागी नुसतं गवत, तरी ओलांडताना जो तो रेल्वेवाल्यांसारखा थांबतो, उजवीकडे बोट रोखतो, डावीकडे रोखतो, "मोकळं!" म्हणून ओरडतो, मगच पाऊल टाकतो. गवताला भितात लेकाचे!

११ नोव्हेंबर
इथले शेवटचे स्टेशनमास्तर मिकुनी. त्यांची विधवा, सावाए आजी, मुळ्याचं लोणचं घेऊन आली. शेवटच्या दिवशी म्हणे मास्तरांनी हात वर केला, पण "गाडी सोडा" हे शब्द घशातून निघालेच नाहीत. ड्रायव्हरने वाट पाहिली आणि एका डब्याची ती गाडी हुकमाशिवायच नेली. म्हणून गावाच्या लेखी गाडी अजून उभीच! मी पोट धरून हसलो. "हसा, ओनोदेरा-सान," आजी म्हणाली, "फक्त ते शब्द तोंडातून काढू नका." रडका मास्तर आणि त्याला पुजणारं गाव.

१२ नोव्हेंबर
सकाळी सगळ्यांदेखत फलाटावर छाती काढून उभा राहिलो, बोट रोखलं, ओरडलो, "गाडी सोडा!" एक जण हसेल तर शपथ. गवतातून मात्र कुणीतरी तेच शब्द परत म्हटले, हुकूम मिळाल्यावर ड्रायव्हर म्हणतो तसे. प्रतिध्वनी असेल. सपाट माळावर?

१३ नोव्हेंबर
माझे कान चुकत नाहीत. गवतात खोकला. जेवणाच्या डब्यांची झाकणं. एक बाई कुणाला तरी दटावतेय, सरक की जरा! आजीला विचारलं, मी तर हुकूम दिला, मग गाडी सुटत का नाही? म्हणाली, आमची गाडी धावत येणाऱ्यासाठी थांबते, कुणीतरी यायचं असेल. कोण? तिने मला वाकून नमस्कार केला.

कियोएला फोन केला, येऊ नकोस. ती हसली. म्हणाली, बॅग भरली आता, गप्प बसा.

१४ नोव्हेंबर
ती निघण्याआधीच तिला गाठायला बसकडे निघालो. गवतापाशी बोट रोखलं, हो, मीही— "मोकळं" म्हणवेना. मोकळं नाहीच. मागे फिरलो. गाव फलाटावर जमलंय, निरोपाला—

१५, शनिवार
स्टेशनातच आहे, बाकावर. दार लागल्यासारखा आवाज झाला. खिडकीतून आजी दिसतेय— सरकतेय. खांब सरकतोय— सुटली.

कियोए! फलाटावरून धावतेय, हाका मारतेय—

वेग कमी होतोय. नको, थांबवू नका— कियोए, धावू न