कंपनीचे ब्रेक

डिंगोरे, ता. जुन्नर
११ जानेवारी १९९८

चि. सौ. साळूबाईस,
अनेक आशीर्वाद. इकडे देवाच्या दयेने ठीक, तुमची खुशाली कळावी.

इंद्रायणीला सातवा लागला. लेक तुझ्याच शेजारी दिली म्हणून हा भार तुझ्यावर टाकतो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. संक्रांत झाली की चांगला दिवस पाहून दाजींच्या जीपमधून तिला घेऊन ये. एसटीचे हिसके तिला सोसायचे नाहीत.

आणखी एक. परवा माझ्या टेम्पोचे ब्रेक लायनर बदलले. चाकाच्या आत ही पट्टी घासते तेव्हा गाडी थांबते. मी ओतूरच्या बाजाराला भाजी नेणारा, सगळा रस्ता सपाटीचा, तरी हे तिसऱ्यांदा. दिवाळीत दाजी अभिमानाने सांगत होते की त्यांचे ब्रेक अजून कंपनीचेच आहेत, गाडी घेतल्यापासून चाक उघडलेलं नाही. तेव्हा मी हसलो. काल जपाला बसलो आणि ते आठवलं, मग माळेत मन लागेना. रोज पोखरीचा घाट उतरणाऱ्या गाडीचे मूळचे ब्रेक इतकी वर्षं कसे टिकतात? पोर बसायच्या आधी चाकं उघडून बघायला सांग. दाजी रागावतील, तो राग माझ्या नावावर घाल.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा दादा
चांगदेव

तळेघर, ता. आंबेगाव
१९ जानेवारी १९९८

ती. दादास,
साळूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं आणि घरात शिमगा झाला. म्हणाले, सपाटीवरचा माणूस आमाला घाट शिकवतोय व्हय! ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, ब्रेक लागतोय कुणाला? दादाला विचार म्हणे, टेम्पो चालवतो का ब्रेकवर उभाच राहतो. सासूबाई कोंडाबाई लेकाच्याच बाजूच्या. त्यांचं म्हणणं, दर दसऱ्याला गाडीपुढं नारळ फुटतो, तिला काय व्हतंय?

मी म्हटलं, जात्याचा दगडसुद्धा झिजतो, त्याला टाकी लावावी लागते, मग ही पट्टी कशी झिजत नाही? त्यावर मला नाचणी दळायला सांगितलं. दळली, पण यांच्याशी बोलणं बंद केलं. शेवटी कबूल झाले. पुढच्या आठवड्यात मंगळवारी घोडेगावला चाकं उघडणार. मीही सोबत जाणार आहे, नाहीतर चहा पिऊन परत येतील.

इंद्रायणी बरी आहे. दिवसभर चिंच मागते. वहिनीला नमस्कार, आणि आमच्यावरचा जीव आटू देऊ नकोस.
तुझी
साळू

तळेघर
२८ जानेवारी १९९८

ती. दादास नमस्कार.

खुशाली लिहायला हात धजत नाही. सगळे सुखरूप आहोत, एवढं आधी वाच.

काल मागची चाकं उघडली. पट्ट्या कोऱ्या करकरीत! कंपनीचा शिक्कासुद्धा वाचता येत होता. हे तर नाचायलाच लागले. गॅरेजात जो दिसेल त्याला बोलावून दाखवलं. मला म्हणाले, एक पट्टी तुझ्या भावाला पार्सल करू का? मलाही बरं वाटलं. पण मग तोंडातून निघून गेलं, अहो, ही घासलीच नाही तर इतकी वर्षं गाडी थांबवली कुणी?

मिस्त्री गाडीखाली शिरला. मागच्या चाकांना ब्रेकचं तेल नेणारी नळी पक्कडीने चेपून दुमडलेली होती. तेलाचा थेंब मागे जात नव्हता. मग पुढची चाकं उघडली, तर तिथल्या पट्ट्या, त्या ज्या खिळ्यांनी जडवतात त्या रिपिटापर्यंत झिजलेल्या. दादा, आमची गाडी इतकी वर्षं दोनच चाकांवर थांबत होती, आणि तीही संपत आली होती.

यांचा पुतण्या भिका, गाडी नवी असताना तोच चालवायचा. त्याला विचारलं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला. पहिल्याच श्रावणी सोमवारी भीमाशंकरच्या वाटेवर दगड लागून नळी गळायला लागली, गाडीत माणसं कोंबलेली, म्हणून त्याने ती आजच्यापुरती चेपली. उद्या सांगू म्हणाला. उद्याही गर्दी होती. गाडी थांबत तर होती, मग विसरूनच गेला. पुढे यांना गाडी शिकवली तीही त्यानेच.

म्हणजे इंद्रायणी नवरी होऊन आली ती याच गाडीतून. सासूबाई देवापुढे दिवा लावून तिथेच बसून राहिल्यात. हे जेवले नाहीत.
साळू

डिंगोरे
३ फेब्रुवारी १९९८

श्री. गेणभाऊ दाजींस सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून मी ओट्यावर बसलो तो उठलोच नाही. गेल्या श्रावणात दर्शन करून तुमच्या शेजारच्या सीटवर मी घाटभर झोपलो होतो. मनात म्हणत होतो, काय शांत गाडी चालवतात दाजी! देवाने सांभाळलं खरं, पण त्याला इतकं राबवू नये.

भिकाला बोलू नका. आजच्यापुरतं म्हणून आपण सगळेच काही ना काही दुमडून ठेवतो. नळी नवी टाका, चारी चाकांच्या पट्ट्या बदला, आणि पोरीला तुम्हीच घेऊन या. माझा भरवसा आहे.

तुमच्या लोभाला जपणारा,
चांगदेव

तळेघर
९ फेब्रुवारी १९९८

श्री. चांगदेवभाऊंस गेणूचा रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस न्हाई, पण हे साळूला सांगून लिहून घेववत नाही.

नळी, पट्ट्या, सगळं नवं झालं, मिस्त्रीने गाडी घरी आणून दिली. काल इंद्रायणीला बसवण्याआधी घाटात एक फेरी मारावी म्हणून निघालो. वाटेत कुशाबाईने हात केला. दर बाजाराला ती माझ्या शेजारीच बसते. पहिल्या वळणावर मी नेहमीसारखा ब्रेक दाबला. नेहमीसारखा म्हणजे दोन्ही पायांनी, सीटवरून उठून. गाडी जागच्या जागी उभी राहिली. माझी छाती स्टेअरिंगवर आदळली. भाऊ, ब्रेक लागतो म्हणजे काय होतं, हे मला काल कळलं. मी आयुष्यात दुसरी गाडी चालवलेली नाही. सगळ्यांचे ब्रेक असेच लागत असतील, असं समजून मी लोकांची लेकरंबाळं त्या घाटातून उतरवली.

खाली उतरून कठड्यावर बसलो. भिका सोबत होता, गाडी त्याने घरी आणली. माझ्याच्याने चावी हातात धरवत नाही. इंद्रायणी पिशवी भरून बसलीय. पत्र मिळताच तुम्ही या आणि तिला न्या. मी मागं बसेन.

कुशाबाईची पानाची चंची त्या हिसक्याने रस्त्यावर पडली होती. ती गोळा करता करता मला शिव्या देत होती. म्हणाली, गेण्या, पयले ब्रेक किती मऊ व्हते रं, लेकराला जोजवल्यावाणी, हे कसलं मेलं बसवलंस?

राग न धरता लोभ ठेवा.
तुमचा
गेणभाऊ