डाव्या चाकाचा आतला पॅड

प्रिय मनन,

फोनवर तू 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे जात नाहीस, आणि घरातून मलाही तुझ्याशी मोकळं बोलता येत नाही, म्हणून दुकानात बसून लिहितोय. पर्युषण सुरू आहे, त्यामुळे दुपारनंतर शटर अर्धं खाली असतं. तरी एक जण वाकून आत आलाच, ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट पाहिजे म्हणे. देऊन टाकला. धुळ्याहून तुझी भुवाजी कळवते की तू धड जेवत नाहीस. आपल्यात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत हे खरं, पण सूर्यास्ताआधी जेवतात रे. हे पत्र मात्र तिला दाखवू नकोस. माझी सख्खी बहीण आहे, जीव लावते, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

घरचं काय सांगू? आयुषीची खोली तुझी मम्मी रोज झाडते आणि दार लावून घेते. मी दुकानातून येतो, जेवतो, पडतो. माणसं म्हणतात, अभयशेठ, दिवस गेले की दुःख कमी होतं. मी मान हलवतो. कमी काही होत नाही बघ. सकाळी डोळे उघडले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. माझं मन मेलंय, हे तुला नाही तर कुणाला सांगू?

त्या दिवसाचा विषय मी कधी काढला नाही, आज काढतो. चातुर्मास संपला होता, तुम्ही दोघं बहीणभाऊ हौसेने भुवाजीकडे निघालात. पारोळ्याच्या अलीकडे कापसाचा ट्रॅक्टर मध्येच थांबला, तू ब्रेक मारलास, गाडी उजवीकडे फिरली आणि समोरून येणारा ट्रक डाव्या दारावर आला. त्या दाराशी आयुषी होती. दवाखान्यात तू एकच सांगत होतास, ब्रेक दाबला आणि गाडी आपोआप उजवीकडे ओढली गेली. कोण ऐकतंय? मम्मीने तर ठरवूनच टाकलं की तुझ्या हातात मोबाइल होता, आणि तेव्हापासून तिने तुझं नाव तोंडातून काढलं नाही. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवले, पण आपल्या घरातलं मिटलं नाही. महिनाभर तू सांगत राहिलास. मग एक दिवस म्हणालास, 'असेल, माझंच चुकलं असेल,' आणि बॅग घेऊन धुळ्याला गेलास.

गाडीचा सांगाडा इतके महिने पारोळ्यालाच एका आवारात पडून होता. पर्युषणाआधी भंगारवाल्याचा फोन आला, उचलतो म्हणाला. मला काय वाटलं कोण जाणे, म्हटलं, थांब, एकदा बघू दे. मम्मीला वसुलीला जातो असं सांगून एसटीने गेलो. तिथला भिकन मिस्त्री आपलं जुनं गिऱ्हाईक. त्याला म्हटलं, पुढची दोन्ही चाकं उघड. तुला ठाऊक आहे, मी जन्मभर ब्रेकपॅड काउंटरवरून विकले, पण झिजलेला पॅड हातात घेऊन कधी विचार केला नव्हता.

आधी उजवं चाक उघडलं. आतला पॅड, बाहेरचा पॅड, दोन्ही सारखे झिजलेले. जसे असायला हवेत तसे. मग डावं उघडलं. बाहेरचा पॅड जाडच्या जाड, नुकताच डब्यातून काढल्यासारखा, आणि आतला पार लोखंडापर्यंत गेलेला. दोन पॅड डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेतात तेव्हा चाक थांबतं. इथे एकटा आतलाच घासत होता, बाहेरचा नुसता बसून होता. म्हणजे डावं चाक नीट धरतच नव्हतं, सगळा जोर उजव्यावर. गाडी उजवीकडे ओढणारच.

मला वाटलं, पॅडला ढकलणारा पिस्टन अडकला असेल. भिकनने दाबून पाहिला, तो सुरळीत मागे गेला. बाहेरच्या पॅडला डिस्ककडे ओढणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांतली एक मात्र हलेना. इथे घोडं पेंड खात होतं. हातोडीने ठोकून काढली तर रबर फाटलेलं आणि पिन गंजाने लाल. मी म्हटलं, अरे, इतके महिने उघड्यावर पडून गंजली असेल. तर म्हणतो, 'उभी गाडीना पॅड झिजस का शेठ?' खरंच होतं. उजवं चाकही त्याच आवारात पडून होतं, त्याच्या पिना लोण्यासारख्या सरकत होत्या. सर्व्हिसिंगवाला दरवेळी चाकाच्या जाळीतून बघायचा. जाळीतून बाहेरचाच पॅड दिसतो, आणि तो जाड. ब्रेक ठीक आहे म्हणायचा. मग भिकनने सहज विचारलं, 'शेठ, हाई गाडी गैरा दिन पानीमा उभी व्हती का?'

पुष्कळ दिवस पाण्यात उभी होती का, एवढंच विचारलं त्याने, आणि मी तिथेच खाली बसलो. त्याला वाटलं, मला चक्कर आली. चहा आणून दिला त्याने.

गाडी कुठे उभी होती हे तुला सांगायला नको. घेतल्यापासून दरवर्षी चातुर्मासात तुझ्या मम्मीचा नियम, घरची गाडी हलणार नाही. पावसाळ्यात रस्त्यावर जीवजंतू फार, आपल्या चाकाखाली एकही जायला नको. मी दुकानात पायी, तू रिक्षाने. रिक्षाखालच्या किड्यांचं पाप रिक्षावाल्याला का, म्हणून तू चिडवायचास आणि ती लाटणं उगारायची. मागच्या अंगणात चारही महिने गाडीच्या डाव्या चाकावर गच्चीच्या पन्हळीचं पाणी पडायचं. तू एकदा म्हणालाही होतास की जरा पुढे घेऊ, तर टायरखाली गोगलगाई आहेत म्हणून तिने हात लावू दिला नाही. रोज सकाळी वाकून ती त्यांना बघायची.

तेव्हा मनन, तुझं काही चुकलं नव्हतं. मोबाइल नव्हता, झोप नव्हती, वेग नव्हता. तू पहिल्या दिवशी जे सांगितलंस ते अक्षर न् अक्षर खरं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं तुझं झालं. पण इथे चोर तरी कुणाला म्हणू? किड्यामुंग्यांना जपणाऱ्या बाईला?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. मम्मीने यंदा अठ्ठाई धरली आहे, नुसत्या उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस. काल भिंतीला टेकून बसली होती, एकदम म्हणाली, मननला बोलवा. शेवटच्या दिवशी, संवत्सरीला मी त्याला खमावणार आहे, मनापासून माफ करणार आहे, एक लेकरू गेलं, दुसरं तरी घरात असू दे. तुझं नाव इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून ऐकलं आणि मला रडू आलं. मी सांगायला तोंड उघडलं होतं रे. पण गोगलगाई वाचवल्या आणि लेक घालवली, हे तिला कळलं तर ती अठ्ठाईचं पारणं करणार नाही, या संवत्सरीला नाही आणि नंतरही नाही. मी तिला ओळखतो. म्हणून बाप असून तुझ्याकडे ही भीक मागतोय. संवत्सरीला घरी ये. तिच्यासमोर हात जोड, मिच्छामि दुक्कडम म्हण, आणि जी चूक तू केली नाहीस तिची माफी माग. ती तुला जवळ घेईल. नाही आलास तरी मी तुला दोष देणार नाही, तो तुझा हक्क आहे. आलास, तर हात जोडताना माझ्याकडे तेवढं बघू नकोस.

तुझाच,
पप्पा