बॅगा आणि त्यांचे सर्व सुटे भाग

३ मार्च, सोमवार
नव्या औद्योगिक धोरणातलं बॅग उद्योगाचं प्रकरण साहेबांनी मला लिहायला दिलं. बाकीचे रजेवर आहेत, पण तो योगायोग. तीन आठवड्यांत देश आपल्या पायावर उभा! उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

५ मार्च
आठला उठलो. हिच्या भावाचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा, बॅगांचाच कारखाना आहे. चौदा शिलाई मशिनं, चौदा बायका. ही म्हणाली, लिहिण्याआधी एकदा बघून तरी या. मी समजावलं की धोरण घारीसारखं वरून बघायचं असतं. तर म्हणे, घारसुद्धा पोटासाठी खाली उतरते. हिला मॅक्रो कळत नाही.

११ मार्च
मसुदा पूर्ण. परदेशी बॅगांना बंदी. शेवटच्या क्षणी स्फुरण चढलं आणि पुढे जोडलं: ‘व त्यांचे सर्व सुटे भाग’. पाच शब्दांत क्रांती! साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. केवढा हा विश्वास.

२ एप्रिल
धोरण लागू. मेहुण्याचा फोन. त्याला नऊशे दप्तरांची ऑर्डर मिळाली, शाळा उघडायच्या आत द्यायची आहेत. आभार मानू नकोस म्हटलं. त्याने मानलेही नाहीत, लाजला असेल.

१९ एप्रिल
पुन्हा मेहुणा. आवाज पडलेला. चेन इथे बनते म्हणे, पण चेनवर सरकतो तो रनर परदेशातून येतो, आणि तो बंदरावर अडकलाय. म्हटलं, देशी वापर. तर म्हणाला, भाऊजी, देशी रनर दोनदा सरकतो आणि तिसऱ्यांदा हातात येतो. मी म्हटलं, बाळ पडत-झडतच चालायला शिकतं. तो म्हणाला, बाळ चालायला लागेपर्यंत माझ्या चौदा बायका घरी बसतील. ऑर्डर हुकली तर कारखान्याला कुलूप.
जरा चरकलो. पुढच्या शनिवारी नक्की जाणार.

२६ एप्रिल, शनिवार
गेलो नाही. ऊन फार. त्याऐवजी स्वतःच्या पँटच्या चेनचा वीस मिनिटं बारकाईने अभ्यास केला. रनर हातात आला. देशी होता.

२८ एप्रिल
तीच पँट. दिवसभर फाइल पुढे धरून हिंडलो. शिपाई म्हणाला, साहेब, हल्ली फार काम पडतंय वाटतं. माणसाची पारख आहे त्याला.

६ मे
नऊशे दप्तरं आ वासून पडलीत. मेहुण्याला बटणांचा पर्याय सुचवला. त्याने फोन ठेवला. ही ताट वाढते, पण बोलत नाही. घरात इतकी शांतता बरी नाही. समिती नेमावी म्हणतो.

१४ मे
अनर्थ! ही थेट ऑफिसात आली. साहेबांच्या टेबलावर दप्तर ठेवलं आणि म्हणाली, एवढं बंद करून दाखवा. साहेबांनी दोन्ही हात लावून पाहिलं. मग घाम पुसला आणि माझं प्रकरण मागवलं. बहुधा पहिल्यांदाच वाचलं. संध्याकाळपर्यंत रनरवरची बंदी उठली.
माझं धोरण लवचीक आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो.

१६ मे
लेखी आदेश! मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने महिनाभर कारखान्यात प्रत्यक्ष काम करावं. खास नेमणूक. बातमी सांगितल्यावर ही पदर तोंडाला लावून हसली. दहा दिवसांनी हसली, बरं वाटलं.

१९ मे, सोमवार
मेहुण्याच्या कारखान्यात रुजू. काम: चेनमध्ये रनर ओवणं. चेनची दोन्ही टोकं एकाच वेळी आत गेली पाहिजेत. जात नाहीत. शेजारच्या बाईंचे चाळीस झाले, माझे चार, त्यांतले तीन उलटे. बाईंनी ते काढून पुन्हा ओवले, माझं मन दुखू नये म्हणून पाठ फिरवून.
कटिंगमास्तरांनी विचारलं, आधी काय करायचात? म्हटलं, धोरण लिहायचो. त्यांनी माझ्यासमोरचा रनरचा डबा उचलून शेजारच्या बाईंपुढे ठेवला. मग मेहुण्याला बाजूला घेऊन म्हणाले (पार्टिशन पातळ आहे), पाहुणे माणूस भले आहेत, पण ऑर्डर वेळेवर जायची असेल तर त्यांना काही करू देऊ नका.
दुपारपासून खिडकीपाशी खुर्चीवर बसून आहे. कशाला हात लावत नाही. दप्तरं भराभर बाहेर पडताहेत.