तुतीच्या झाडापर्यंत

कालामोखोरी,
२१ जून

प्रिय डोम्ना मावशी,

तुझी कंबर आता कशी आहे? श्टुटगार्टच्या कारखान्यात बसून करायचं काम मिळालं का? इकडे आम्ही ठीक आहोत. कापूस वीतभर वर आला आहे. बाबा सकाळी स्वतःची कॉफी करतात, मला उठवत नाहीत.

मुख्य बातमी माझ्या प्रशिक्षणाची. पृथ्वी आणि हवामान मुलांना कसं शिकवायचं, यासाठी वसंतात आम्हा शिक्षकांना लारिसाला बोलावलं होतं. मला वाटलं, जाडजूड पुस्तकं देतील. दिला वाळूचा एक लांबट ट्रे आणि दोन चंबू, एक लहान, एक मोठा. लहान म्हणजे पूर्वीचा जोराचा पाऊस. मोठा म्हणजे आताचा. समुद्र तापलाय, त्यामुळे ढग जास्त पाणी उचलून आणतात. वाळूत मुलांनी मातीचं गाव करायचं. ओतण्याआधी पाणी कुठवर येईल तिथे ज्याने त्याने काडी रोवायची. अंदाज चुकला तर शिक्षकाने हसायचं नाही, काडी उपटायची नाही. फक्त विचारायचं, ‘तुला असं का वाटलं?’

आम्हाला शिकवणाऱ्या लांब्रिनीबाई म्हणाल्या, “पोरींनो, उत्तर सांगायची घाई झाली ना, की जीभ चावा.” मी इतकी चावली की दोन दिवस तिखट खाता आलं नाही. पण मला ही रीत नवी नव्हती. शाळेत जायच्या आधी तू मला पोळपाटावरच्या पिठात अक्षरं काढायला लावायचीस आणि चुकलेलं पुसायची नाहीस. ते मी तिथे सगळ्यांना सांगितलं.

गेल्या आठवड्यात शाळेचा शेवटचा दिवस झाला. पालक आले होते. मुलांनी आपलंच गाव करायचं ठरवलं. आई गेली त्या पुराचा विषय होता, म्हणून चालेल का, हे मी आधी घरोघरी जाऊन सगळ्यांना विचारलं होतं. बाबांना नव्हतं विचारलं. ते येतील असं वाटलंच नाही. ते आले. दाढी करून, काळा शर्ट घालून आले.

थोमासकाका त्यांना म्हणाले, “स्तेर्गिओस, तूही रोव की काडी. का पोरीच्या परीक्षेत नापास होशील?”

“पाण्याचं मला नका शिकवू,” बाबा म्हणाले. “माझ्या आज्याच्या काळापासून ते तुतीपुढे आलेलं नाही.” आणि तो पूर तुतीवरून गेला होता हे ठाऊक असूनही त्यांनी काडी तुतीच्या झाडापाशी रोवली, आपल्या घराच्या जरा खाली.

मी लहान चंबू ओतला. पाणी काडीला टेकून थांबलं. अगदी तिथेच, मावशी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाबा हसले. त्यांना हसताना किती दिवसांनी पाहिलं मी! तिथेच थांबायला हवं होतं. पण धडा अर्धा राहिला असता, आणि तू मला ओळखतेस.

मी मोठा चंबू ओतला.

पाणी काडीवरून, तुतीवरून गेलं. मातीचं आपलं घर बसलं. पहिलीतली झाफिरो ओरडली, “स्तेर्गिओस आजोबा हरले!” कोणी हसलं नाही. आणि मी, इतके दिवस घोकलेलं ते वाक्य, जणू समोर कोणी विद्यार्थीच आहे अशा आवाजात बोलून गेले, “बाबा, तुम्हाला असं का वाटलं?”

ते ट्रेकडेच बघत होते. म्हणाले, “त्या रात्री तुझ्या आईला, आगोरित्सालाही मी हेच सांगितलं. ती म्हणत होती, वर शाळेत जाऊ या. मी म्हटलं, तुतीपुढे येत नाही, तू झोप. मी गाई सोडायला गेलो. मग पाणी चढलं, मागे फिरता आलं नाही.”

आई घरातच का राहिली, हे तू अंत्यसंस्काराच्या दिवशी विचारलंस, आणि त्यानंतर प्रत्येक पत्रात. बाबा माहीत नाही म्हणायचे, म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. मला खरंच ठाऊक नव्हतं. आता तुलाही कळलं.

सप्टेंबरात आईला जाऊन तीन वर्षं होतील. रिवाजाप्रमाणे कबर उघडून हाडं पेटीत ठेवायची, त्यासाठी पाद्रीबाबांनी वार ठरवायला सांगितलंय. हाडं धुवायची वाईन घरचीच आहे, पेटीला लागणारं पांढरं कापड मी आणलंय. ती धुवायला तिच्या रक्ताच्या बायका म्हणजे तू आणि मी. दुसरं कोणी उरलेलं नाही.

खरं सांगते, तुला आधी बोलावून घ्यावं आणि हे सगळं नंतर, तू इथे आल्यावर सांगावं, असं माझ्या मनात होतं. तसं बाबांना म्हटलं. ते म्हणाले, “नाही. आधी सांग, मग बोलाव. नाही आली तर तिचं चुकलं असं मनात आणू नकोस.” तू आलीस तर ते दफनभूमीच्या फाटकाबाहेर बसतील, आत येणार नाहीत, असंही म्हणाले. त्यावर मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते माझे बाबा आहेत. तूही माझी आहेस. मला यातलं काही सोडवता येत नाही.

म्हणून आधी सांगितलं, आणि आता बोलावते. ये, मावशी. आईचं डोकं मला एकटीला हातात घेता येणार नाही.

आणि यायचं नसेल, तर माझी समजूत घालायला कामाचं कारण लिहू नकोस. ‘नाही’ एवढंच लिही. ते मी बाबांना वाचून दाखवीन.

तुझ्या आगोरित्साची मुलगी,
रोदांथी